एक उलटा फेरा

क्योतो शहरातल्या एका अरुंद गल्लीत एक म्हातारा दुरुस्तीवाला होता. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाने बाहेर उभं राहायचं. तरुणपणी तो रेडिओ दुरुस्त करायचा. मग टीव्ही आले, मग टेपरेकॉर्डर. एकेक यंत्र लोकांच्या घरातून गेलं, तसं त्याच्या टेबलावरूनही गेलं. शेवटी उरले ते मुलांचे जुने खेळ. ती मुलं आता पन्नाशीला टेकली होती आणि कपाटाच्या तळाशी सापडलेले खेळ घेऊन त्याच्याकडे येत होती.

तसं पाहिलं तर क्योतो हे या खेळांचं माहेरच. निन्टेन्डो कंपनी याच शहरात 1889 साली सुरू झाली. तेव्हा ती हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते करायची. शंभर वर्षांनी, 1989 साली, त्याच कंपनीने हातात मावणारा ‘गेम बॉय’ काढला. करड्या रंगाचा, विटेसारखा जाड, हिरवट पडद्याचा. म्हाताऱ्याच्या टेबलावर सगळ्यात जास्त तोच यायचा.

जूनमधल्या एका पावसाळी सकाळी एक मध्यमवयीन माणूस दुकानात आला. त्याने कापडाची गाठ सोडली. आत एक गेम बॉय होता आणि त्याच्या शेजारी पारदर्शक प्लास्टिकची एक कोरी बॉडी, पुढचा भाग, मागचा भाग, बटणं, सगळं पिशवीत सीलबंद.

‘‘आजोबा, याची बॉडी बदलून द्या. मी घरी प्रयत्न केला, पण उघडेना.’’

म्हाताऱ्याने गेम बॉय उचलला, उलटा केला आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला. मागच्या सहा स्क्रूंपैकी दोन स्क्रूंची डोकी पार चुरगळली होती. या स्क्रूंना साधी फुली नसते. तीन पात्यांची खाच असते, आणि तिला तसलाच स्क्रूड्रायव्हर लागतो. या माणसाने घरातला फुलीचा स्क्रूड्रायव्हर दाबून फिरवला होता.

‘‘घाई होती?’’ म्हाताऱ्याने विचारलं.

‘‘पुढच्या रविवारी द्यायचाय. माझ्या भावाला.’’

मग त्याने थोडक्यात सांगितलं. दोघे भाऊ. वडिलांनी 1989 मध्येच हा खेळ घेतला. साडेबारा हजार येन किंमत होती, दोघांत एकच परवडला. आईने नियम घातला, खेळ संपला की हात बदलायचा. भांडणं व्हायची, पण जेवायच्या वेळेपर्यंत मिटायची. पुढे दोघं आपापल्या शहरांत गेले. वडील गेले, मग आई गेली. आईच्या मागे राहिलेल्या घरावरून फोनवर बोलणं झालं, ते विकोपाला गेलं आणि तेव्हापासून बोलणं नाही. आता आईच्या स्मृतीचा तिसऱ्या वर्षाचा विधी देवळात होता. दोघांना एका ओळीत बसावं लागणार होतं.

‘‘हा त्या घरातच सापडला. आता नव्यासारखा करून त्याच्या हातात ठेवायचा. म्हणायचं, झालं गेलं विसरू, नव्याने सुरुवात करू.’’

म्हातारा काही बोलला नाही. त्याने एक जुना स्टूल पुढे सरकवला.

‘‘बसा. भावाला द्यायचाय ना? मग हात तुमचेच लागू देत. मी सांगतो तसं करा. मजुरी अर्धी घेईन.’’

माणसाला हे काही फारसं रुचलं नाही, पण बाहेर पाऊस होता. तो बसला.

म्हाताऱ्याने रुंद रबरबँडचा एक तुकडा कापला, चुरगळलेल्या स्क्रूच्या डोक्यावर ठेवला आणि त्यावरून तीन पात्यांचा स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला. ‘‘जोर खाली लावा. फिरवायला नव्हे, दाबायला. फिरवायचं हळू.’’ रबर खाचेतल्या पोकळीत भरलं, पात्याला पकड मिळाली आणि पहिला स्क्रू कुरकुरत सुटला. दुसऱ्याला दोनदा रबर बदलावं लागलं. उरलेले चार सरळ निघाले. त्यातले दोन सेलच्या कप्प्यात होते आणि कप्पा उघडला तसा आतून आंबूस वास आला. चार पेन्सिल सेल किती वर्षं तसेच पडले होते कुणास ठाऊक. त्यांना पाणी सुटलं होतं आणि पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी पुटं चढली होती.

‘‘आता दोन्ही भाग वेगळे करू?’’ माणसाने विचारलं आणि उत्तर यायच्या आत ओढायला सुरुवात केली.

म्हाताऱ्याने त्याच्या मनगटावर हात ठेवला. ‘‘थांबा. ते सुटलेले नाहीत. नुसते उघडलेत.’’

आत डोकावल्यावर माणसाला ते दिसलं. पुढच्या भागात पडद्याचा बोर्ड होता, मागच्या भागात मुख्य बोर्ड, आणि दोन्हींना जोडणारी एक पातळ, चपटी फीत. पुस्तक उघडावं तसं ते यंत्र उघडलं होतं, पण पानं अजून शिवलेलीच होती. जोराने ओढलं असतं तर फीत फाटली असती आणि मग कोरी बॉडी कितीही चांगली असली तरी तिच्यात घालायला काही उरलं नसतं. म्हाताऱ्याने फीत दोन बोटांत धरून तिच्या खोबणीतून सरळ वर काढायला शिकवलं. वाकडी नाही, झटक्याने नाही.

मग त्याने एक कोरा कागद घेतला आणि त्यावर पेन्सिलने बोर्डाची आकृती काढली. पडद्याच्या बोर्डाला दहाएक बारीक स्क्रू होते. प्रत्येक निघाला की कागदावर त्याच्याच जागी ठेवायचा. हेडफोनचा छोटा बोर्ड, स्पीकर, आवाजाचं चाक, सगळ्यांना कागदावर आपापली जागा मिळाली. माणूस म्हणाला, ‘‘सगळे सारखेच तर दिसतात.’’ म्हातारा म्हणाला, ‘‘लांब स्क्रू आखूड भोकात गेला की पुढच्या बाजूने बाहेर येतो. मग कळतं सारखे नव्हते ते.’’

बटणांखालची रबराची गादी उचलली तेव्हा खाली चिकट, तपकिरी थर दिसला. त्यात तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचा बारीक चुरा अडकला होता. कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून माणूस तो चुरा काढू लागला. एक काडी काळी झाली, दुसरी झाली. तो मध्येच थांबला आणि म्हणाला, ‘‘हा दादा. खाताना खेळायचा. माझे हात तर आई धुवायला लावायची.’’ आणि पुन्हा पुसू लागला.

पट्ट्यांवरची पुटं व्हिनेगर लावून भिजत ठेवली. क्षाराचं पुट आहे, त्याला आंबटच उतारा. ते सुटेपर्यंत हाताला काम नव्हतं, तेव्हा म्हाताऱ्याने चहा ओतला आणि बोलू लागला. एरवी तो बोलका नव्हता, पण या यंत्राबद्दल मात्र त्याला बोलावंसं वाटायचं.

‘‘हा ज्यांच्या हाताखाली तयार झाला, ते योकोई गुनपेई. 1965 मध्ये कंपनीत लागले तेव्हा पत्ते करायच्या यंत्रांची देखभाल करायचे. त्यांचा एक विचार होता. सगळ्यात ताजं तंत्र घेऊ नये. जे पिकलंय, स्वस्त झालंय, ज्याच्या खोडी सगळ्यांना ठाऊक झाल्यात, ते घ्यावं आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. म्हणून याला रंगीत पडदा नाही, पडद्यामागे दिवा नाही. दुसऱ्या कंपन्यांनी रंगीत पडद्याचे खेळ काढले. दिसायला झकास. पण सहा सेल घालायचे आणि काही तासांत ते संपायचे. हा चार सेलवर दिवसचे दिवस चालायचा. शेवटी हाच टिकला. याचा रंगीत धाकटा भाऊ धरला तर 11 कोटींहून जास्त विकले गेले.’’

माणसाने टेबलावरची जुनी बॉडी हातात घेतली. पुढचा भाग पिवळट पडला होता, जुन्या वर्तमानपत्रासारखा. तो अंगठ्याने घासू लागला.

‘‘ते जायचं नाही,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘मळ नाही तो. प्लास्टिक पेटू नये म्हणून त्यात ब्रोमीनची द्रव्यं घालायचे. वर्षानुवर्षं उजेड लागला की ती रंग बदलतात. पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पांढरं होतं, पण पुष्कळदा पुन्हा पिवळं पडतं.’’

‘‘म्हणून तर नवी आणली.’’

‘‘बरं केलंत. नवी आणण्यात काही वावगं नाही. कंपनीनेसुद्धा 1995 मध्ये अमेरिकेत हाच खेळ लाल, हिरव्या, पिवळ्या, काळ्या आणि असल्या पारदर्शक बॉडीत विकला. आत सगळं तेच. आणि याच्या उलटही झालंय. आखाती युद्धात एका छावणीला आग लागली. त्यात एका सैनिकाचा गेम बॉय होरपळला. पुढची बाजू वितळून काळी कोळसा झाली. वीज जोडली आणि तो चालू झाला. कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या दुकानात कित्येक वर्षं काचेच्या पेटीत चालू करून ठेवला होता.’’

चहा संपला. पट्ट्या चकचकीत झाल्या. पडद्यावर दोन उभ्या रेघा उमटत नव्हत्या. हे या यंत्राचं नेहमीचं दुखणं. पडद्याखालच्या जोडावरून तापलेलं सोल्डरिंग आयर्न एकदा हलकेच फिरवावं लागतं. ते काम मात्र म्हाताऱ्याने स्वतः केलं. इथे हात जास्त वेळ टेकला तर पडदाच जातो. 

मग जोडणी सुरू झाली. कोऱ्या बॉडीत बटणं बसवली, त्यावर रबराची गादी, त्यावर बोर्ड. कागदावरचे स्क्रू एकेक करून आपल्या जागी गेले. कोऱ्या प्लास्टिकच्या भोकांना आटे नव्हते. स्क्रू आत जाता जाता स्वतःच आटे पाडत होता, त्यामुळे तो जड फिरत होता. म्हातारा सारखा म्हणत होता, ‘‘हळू. आता जे आटे पडतील तेच कायमचे.’’ शेवटी सहाही स्क्रू लागले. चार नवे सेल घातले, कळ सरकवली. लाल दिवा लागला, पडद्यावर वरून अक्षरं उतरली आणि ‘टिंग’ असा आवाज झाला. माणूस लहान मुलासारखा हसला.

टेट्रिस सुरू केलं तेव्हा लक्षात आलं, एक बटण दाबलं की खालीच राहतंय. रबराच्या गादीची एक कड दुमडून बसली होती. म्हणजे पुन्हा उघडणं आलं.

आता माणसाचा हात बसला होता. त्याने भराभर सहा स्क्रू काढले, फीत नीट सोडवली, गादी सरळ केली, सगळं पूर्ववत बसवलं. मग पहिला स्क्रू भोकावर टेकवला आणि उजवीकडे फिरवायला लागला. स्क्रू किंचित तिरका घुसला. थोडं घट्ट लागलं म्हणून त्याने जोर केला. घट्टपणा अचानक गेला आणि स्क्रू नुसताच गरगर फिरू लागला.

‘‘आटे गेले,’’ म्हातारा म्हणाला.

‘‘कसे गेले? मघाशी याच भोकात नीट लागला होता!’’

‘‘म्हणूनच. मघाशी त्याने आटे पाडले. आता तुम्ही त्यांच्यावरून आडवे दुसरे पाडायला गेलात. दोन्ही तुटले.’’

म्हाताऱ्याने दुसरा स्क्रू घेतला, भोकावर ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर डावीकडे फिरवला. उलटा. स्क्रू काढताना फिरवतात तसा.

‘‘आजोबा, लावायचाय ना?’’

‘‘ऐका.’’

स्क्रू उलटा फिरत होता, हलकासा घासत. मग एका क्षणी त्याचं टोक किंचित खाली बसलं आणि बारीक ‘टक’ झालं. ऐकू आलं असेल नसेल, पण बोटांना कळलं. तिथे म्हाताऱ्याने हात थांबवला, दिशा बदलली आणि दोन बोटांनी उजवीकडे फिरवलं. स्क्रू लोण्यात जावा तसा आत गेला. ज्या वाटेने मघाशी गेला होता, त्याच वाटेने.

‘‘जुना आटा सापडेपर्यंत मागे फिरायचं. सापडला की मग पुढे.’’

‘‘पण ही बॉडी तर कोरी आहे. जुना आटा कुठला?’’

‘‘तासापूर्वी कोरी होती,’’ म्हातारा म्हणाला.

माणसाने उरलेले चार स्क्रू तसेच लावले. प्रत्येक वेळी आधी डावीकडे, मग थांबून, मग उजवीकडे. एकदा ‘टक’ लागायला उशीर झाला, तेव्हा त्याने घाई केली नाही. आटे गेलेल्या भोकात म्हाताऱ्याने बांबूच्या काडीचं सालपट गोंद लावून बसवलं. ‘‘पाच धरतील. सहावा नुसता सोबतीला राहील. चालतं तेवढं.’’

निघताना म्हाताऱ्याने जुनी बॉडी वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्यापुढे ठेवली.

‘‘ही टाकून द्या ना.’’

‘‘माझ्याकडे कचऱ्याला जागा नाही,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘तुमचा आहे, तुम्ही घेऊन जा.’’

रविवारी देवळात विधी झाला. दोघं भाऊ एका ओळीत बसले, मध्ये थोरल्याची बायको. पुरोहितांचं पठण चालू होतं. उदबत्ती लावायला आधी थोरला उठला, मग धाकटा. सगळं रीतसर झालं, नजरेला नजर न देता. मग जेवणं झाली, नातेवाईक एकेक करून उठले आणि धाकटा पिशवी घेऊन थोरल्याजवळ जाऊन बसला.

भाषण त्याने पाठ केलं होतं. झालं गेलं विसरू, दादा. नव्याने सुरुवात करू. वाक्य जिभेवर होतं. पण थोरल्याच्या जबड्याची घट्ट मिटलेली रेघ त्याला दिसली आणि वाटलं, हे आता तिरकं घुसणार. तो थांबला. पिशवी बाजूला ठेवली.

‘‘दादा, त्या दिवशी फोन मी आपटला. तू काहीतरी सांगत होतास, ते मी पुरतं ऐकलंच नाही. काय सांगत होतास?’’

थोरला बराच वेळ गप्प राहिला. त्याने पेल्यातलं पाणी प्यायलं. मग म्हणाला, ‘‘विकायचं म्हणत नव्हतो मी. विकावं लागेल का, म्हणून विचारत होतो. छप्पर गळत होतं. दर महिन्याला मी जाऊन बादल्या ठेवत होतो. मला एकट्याला झेपत नव्हतं, ते तुला सांगायचं होतं.’’

‘‘मला वाटलं तू ठरवून टाकलंस.’’

‘‘तुला वाटलं.’’

ते सोपं नव्हतं. मधल्या काळात दोघांनीही पुष्कळ काही मनाशी ठरवून ठेवलं होतं. कोण किती वेळा आईला भेटायला आलं, कोणी किती पैसे घातले, कोणाच्या बायकोने काय म्हटलं. धाकटा दोनदा उत्तर द्यायला सरसावला आणि दोन्ही वेळा तोंड मिटून बसला. थोरल्याचं सगळं बोलून होईपर्यंत देवळातल्या माणसाने चटया गुंडाळायला घेतल्या होत्या. मग धाकट्याने आपलं सांगितलं. तेही सगळं थोरल्याला पटलं असं नाही. पण त्याने ऐकलं.

मग गेम बॉय बाहेर आला. थोरल्याने तो उजेडात धरला. पारदर्शक बॉडीतून आतला हिरवा बोर्ड दिसत होता, स्पीकर दिसत होता. ‘‘छान आहे,’’ तो म्हणाला. उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. ‘‘पण हा आपला नाही.’’

‘‘आपलाच आहे. बॉडी बदलली फक्त.’’ आणि धाकट्याने वर्तमानपत्राची गुंडाळी उलगडली.

पिवळट करड्या बॉडीच्या मागच्या बाजूला, सेलच्या झाकणावर, मार्करने लिहिलेली दोन नावं होती. जपानमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलाच्या प्रत्येक वस्तूवर आई नाव घालते. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ना, तसंच. म्हणजे वस्तू हिंडून आली तरी घरी परतावी. वरचं नाव थोरल्याचं होतं, ठळक आणि सुबक. खालचं धाकट्याचं, उरलेल्या जागेत दाटीवाटीने कोंबलेलं आणि वाकडं.

‘‘आईने तुझं नाव आधी घातलं,’’ धाकटा म्हणाला. ‘‘माझं आठवण झाल्यावर, घाईत. त्याचाही मला राग होता बरं का.’’

थोरल्याने झाकण डोळ्यांजवळ नेलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

‘‘आईचं अक्षर इतकं वाईट होतं का? ते मी लिहिलंय. एकदा तू रडत झोपलास, की यावर माझं नावच नाही म्हणून. सकाळी तू उठायच्या आत लिहिलं.’’

इतकी वर्षं ते वाकडं अक्षर धाकट्याने आईच्या खात्यावर मांडलं होतं. दुकानात म्हाताऱ्याला जर कचऱ्यासाठी जागा असती, तर त्याला ते कधी कळलंही नसतं.

एवढीच गोष्ट. दुरावलेल्या माणसाकडे आपण जातो तेव्हा बहुधा कोरी बॉडी घेऊन जातो, आणि पहिल्याच फेऱ्यापासून पुढे रेटू लागतो. दुसऱ्याने चालवलेलं दुकान हातात घेताना, सासरी रुळताना, सोडून गेलेल्या गावात परत राहायला येताना तेच होतं. तिथे आधीचे आटे पडलेले असतात. ते वाईट असतील, झिजलेही असतील, पण आहेत. मागे फिरून त्यांचा ठाव घेतला नाही तर आपला जोर त्यांना मोडतो आणि मग दोष स्क्रूला जातो. धाकट्याचं नव्याने सुरुवात करायचं भाषण खोटं नव्हतं. फक्त त्याची पाळी नंतरची होती.

घर पुढच्या वर्षी विकलंच गेलं. छप्पर खरंच राहिलं नव्हतं. पण सह्या दोघांनी एका टेबलावर बसून केल्या. गेम बॉय पारदर्शक बॉडीतच राहिला, सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे. जुनं झाकण तेवढं त्यांनी नव्यावर बसवून पाहिलं. बसलं, जरा खडखडतं.

तुमच्या कपाटातही असा एखादा खेळ, टॉर्च किंवा रिमोट वर्षानुवर्षं पडून असेल. तो उघडायचा तेव्हा उघडा, बॉडी बदलायची की नाही तेही सावकाश ठरवा. आतले सेल तेवढे आजच काढून ठेवा.